ग्रहण पाळणारं बाळ

इंग्लंडमधल्या नोकरीचा होकार आला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले, आणि मला मात्र वाटत होतं, नकार आला असता तर बरं झालं असतं. नर्सिंगची पदवी झाली होती. संगमनेरच्या एका खासगी प्रसूतिगृहात दोन वर्षं काढून झाली होती. इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला का होईना, पण सुटली होती. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला कामांची यादी चिकटवायची माझी सवय तेव्हापासूनची. त्या यादीतल्या बहुतेक ओळींवर रेघ मारून झाली होती. उरलं होतं एकच काम, ‘मी येते’ असं कळवायचं. जानेवारी संपेपर्यंत कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं आणि मी रोज उद्यावर ढकलत होते. आईला वाटायचं, मी लग्नाचं काहीतरी मनात धरून बसलेय. अप्पांना वाटायचं, पोरगी विमानाला भ्याली. खरं कारण पुण्याच्या मुलाखतीत होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलाखत पुण्यातल्या एका हॉटेलात झाली. तिकडून आलेल्या दोन वयस्कर सुईणी समोर बसल्या होत्या. सुईण हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तिकडे तो मानाचा आहे, त्याची वेगळी पदवी आणि वेगळी नोंदणी असते. त्यांतल्या एकीनं विचारलं, “तुम्ही बाईच्या घरी आहात. बाळाचे ठोके मंदावलेत. काय कराल?” मी म्हणाले, “डॉक्टरांना बोलवेन.” ती म्हणाली, “डॉक्टर नाहीत.” मी म्हणाले, “मग फोन करेन.” ती हसली. कुत्सितपणे नव्हे. म्हणाली, “फोन जरूर करा, पण तो होईपर्यंत त्या खोलीत तुम्हीच आहात. त्या बाईला तुम्ही काय सांगाल?” मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. दोन वर्षं मी बाळंतिणीच्या खोलीत रात्रंदिवस उभी होते, पण माझी सगळी विद्या ‘थांबा, मॅडमना बोलवते’ या एका वाक्यावर उभी होती. काही चुकलं तर मॅडम. काही नीट झालं तरी मॅडम. तिकडे साध्या बाळंतपणात डॉक्टर खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही, हे त्या दुपारी कळलं. त्यांनी मला तरीही घेतलं. वर्षभर कुणीतरी सोबत असेल, शिकवू, म्हणाल्या. आज मी तसल्याच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसते आणि तोच प्रश्न विचारते. आपल्याकडच्या मुली तेच उत्तर देतात. मी हसत नाही, पाण्याचा ग्लास पुढे सरकवते.

त्या थंडीत घर भरलेलं होतं. ज्योतीताई, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे यजमान रमेशदाजी सुप्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये होते, ते रविवारी येऊन जायचे. आमचं गाव प्रवरेच्या काठी, संगमनेरपासून फार लांब नाही. अप्पांची दोन एकर शेती आणि दूध गोळा करून डेअरीला पोचवायचा टेम्पो. त्यामुळे घर जागं व्हायचं ते दुधाच्या कॅनच्या आवाजानं. आधी रिकाम्या कॅनचा ठणठणाट, मग म्हशींचं फुरफुरणं, मग चुलीपाशी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायचे, त्यांच्यावरची गाणी एकमेकांत मिसळून काही भलतंच ऐकू यायचं. भोगीला आईनं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, वांगी, गाजर, हरभरा, बोरं घालून मिसळीची भाजी केली. ताईचं पोट इतकं वर आलेलं होतं की ती ताट पोटावरच ठेवून जेवायची. आई ओरडायची, “आगं, लेकराच्या डोक्याव जेवतीस का?” ताई म्हणायची, “त्यालाबी वास येतो ना मग.”

त्या पोटावर मी रोज संध्याकाळी सराव करायचे. आमच्या दवाखान्यात ठोके ऐकायला मशीन होतं, बटण दाबलं की आवाज खोलीभर. तिकडच्या बायांनी सांगितलं होतं, आम्ही आधी कानानं ऐकतो. म्हणून मी ॲल्युमिनियमचा फीटोस्कोप आणला होता. छोट्या कर्ण्यासारखा असतो, एक टोक पोटावर, दुसरं कानाशी. सुरुवातीला मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायचं. मग एका संध्याकाळी सापडलं. लहानपणी नदीकाठच्या मळ्यातलं पाणी उपसायचं डिझेल इंजिन रात्री अंथरुणात ऐकू यायचं, लांबून, एका लयीत, थपथपथपथप. अगदी तसं. ताई विचारायची, “काय म्हणतंय?” मी म्हणायचे, “पाणी चालू आहे, उसाला बारं देतंय.” ती खळखळून हसायची आणि हसण्यानं कर्णा घसरायचा. रोज ऐकून ऐकून त्या इंजिनाची चाल मला पाठ झाली होती.

त्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. म्हणजे किंक्रांत, अमावस्या आणि ग्रहण, तिन्ही एका दिवशी. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. दवाखान्यातसुद्धा बायकांनी तपासणीच्या तारखा पुढे ढकलून घेतल्या होत्या, त्या दिवशी कुणी येणार नाही हे ठरलेलं होतं, म्हणून मॅडमनी मला सुट्टी दिली. आणि संक्रांतीच्या दुपारी ताईच्या सासूबाई सुप्याहून एसटीनं आमच्याकडे हजर झाल्या. हातात पिशवी, पिशवीत नारळ, दर्भाची जुडी आणि जपमाळ. चपला काढता काढताच म्हणाल्या, “म्हनलं आपनच जावं. तुमची धाकटी शिकल्याली हाय. शिकल्याल्या पोरी ग्रहान पाळू देत न्हाईत.”

आई म्हणाली, “पाळतो की वो विहीणबाई. आमी काय जंगलातनं आलोय?”

“तसं न्हाई वो. पन पहिलटकरीन हाय. एकदा ओठ फाटला लेकराचा, का शिवता येत न्हाई.”

“शिवता येतो, मावशी,” मी म्हणाले.

“बघा,” विहीणबाई आईकडे वळून म्हणाल्या, “ह्यासाठीच आले.”

अप्पा ओट्यावर बिडी ओढत होते. म्हणाले, “म्हशींनी पाळलं तर मीबी पाळीन. त्या सकाळी धार देनारच.” ताईनं वेध लागायच्या आत गुळाची पोळी तुपाशी खाल्ली, आणि बाळानं लाथा मारल्या म्हणून माझा हात ओढून पोटावर ठेवला. रात्रीपासून तिचं पाणीसुद्धा बंद झालं.

मी ग्रहणाला भीत नव्हते, असं मला लिहायला आवडलं असतं. शरीरशास्त्र शिकले होते, ओठ कसा आणि कधी जुळतो याची आकृती वहीत काढली होती. तरी त्या सकाळी मीच मधल्या खोलीच्या खिडकीला वाकळ लावली आणि कडेनं उजेडाची रेघ येतेय का ते दोनदा पाहिलं. भीती घरात सगळ्यांची मिळून असते, तिच्यातून आपण एकटे बाहेर पडू शकत नाही. ताई प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय सरळ करून बसली. मांडी घालायची नाही, हात दुमडायचे नाहीत, काही कापायचं नाही, गाठ मारायची नाही. ओटीत नारळ. विहीणबाई दारात पोतं टाकून बसल्या, म्हणजे ताई बाहेर जाऊ नये आणि आमच्यापैकी कुणी काही खायला आत नेऊ नये. आई तुळशीची पानं दुधात, पिठात, लोणच्यात टाकत फिरत होती. बाहेरचा उजेड हळूहळू पिवळट होत गेला. ट्रॅक्टर बंद, गाणी बंद. इतकी शांतता आमच्या घरानं कधी ऐकली नव्हती. मध्येच वेशीकडून दान मागणाऱ्यांची आरोळी यायची, “दे दाऽऽन, सुटं गिऱ्हाऽऽन,” आणि ताईच्या हाताची बोटं नारळावर घट्ट व्हायची.

मी तिच्याशेजारी पुस्तक घेऊन बसले होते. तिचे ओठ सुकले होते. सवयीनं, अगदी दवाखान्यातल्या बाईला विचारावं तसं विचारलं, “हालतंय ना गं?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं. उत्तर तिकडूनच आलं, आणि कौतुकानं आलं. “हालंल कसं? त्येबी ग्रहान पाळतंय! शहानं लेकरू असलं म्हंजी आत गप पडून ऱ्हातं. आमचा रमेश असाच ऱ्हायला हुता, सुटस्तवर हूं का चूं न्हाई.”

“व्हय,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आमच्या आईबी असंच म्हनायच्या.” तिच्या आवाजात सुटका होती. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. बाळ गप्प आहे, आणि गप्प असण्याला घरात एक गोड कारण आहे. असं कारण मिळालं की माणूस पुढे विचारत नाही.

मी आवाज खाली आणला. “ताई, कधीपासून?”

“रातीच्याला पोळी खाल्ली तवा हुतं.” ती पुटपुटली. “त्यानंतर मला न्हाई आठवत. पहाटं वाटलं एकदा. आत्या म्हनल्या ग्रहानाचं हाय, म्हनून मी...” तिचे डोळे भरून आले. “वैशे, बरं हाय ना गं ते?”

मी कपाटातून कर्णा आणला. विहीणबाई लगेच म्हणाल्या, “लोखंड लावू नगंस पोटाला!”

“लोखंड नाही मावशी, ॲल्युमिनियम आहे.”

“मंग भांडंच की त्ये!”

“लावू द्या, आत्या,” ताई सासूला म्हणाली.

ती खुर्चीतच होती. मी गुडघ्यावर बसले, कर्णा टेकवला, कान लावला. काहीच नाही. जागा बदलली. माझंच रक्त धडधडत होतं. मग मी ताईचं मनगट धरलं, कारण आईची नाडी बाळाची समजून फसायला होतं, हे मॅडमनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. ताईची नाडी जोरात पळत होती. आणि तिच्यापासून वेगळं, खूप खोल, ते सापडलं. पण ती चाल माझ्या ओळखीची नव्हती. डिझेल संपत आलं की इंजिन जसं एकेक ठोका मोजून टाकतं, आणि प्रत्येक ठोक्यानंतर वाटतं, हा शेवटचा, तसं. माझ्या हाताखाली पोट कडक झालं, ताईच्या नकळत कळ येत होती, आणि आवाज आणखी खाली गेला. पोट सैल झालं. आवाज परत वर यायला हवा होता. तो आला, पण फार उशिरा आला.

मी पडवीत येऊन दवाखान्यात फोन लावला. शांतामावशींनी उचलला, तिथल्या आयाबाई. “मॅडम नाशकाला गेल्यात. आज कोन येतंय मरायला?” मॅडमचा मोबाईल लागत नव्हता. पुन्हा लावला. नाही. मी तो फोन हातात धरून उभी राहिले. अंगणात लिंबाखाली उन्हाचे कवडसे पडले होते, आणि प्रत्येक कवडसा चंद्रकोरीच्या आकाराचा झाला होता. शेकडो कोरी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, वाऱ्यानं थरथरणाऱ्या. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर मी नंतर काही पाहिलं नाही. मनातल्या मनात मी हिशेब करत होते, आणि तो असा होता: मी ताईला ग्रहणात बाहेर काढली आणि बाळाला काही झालं, तर ते माझ्यामुळे झालं असं जन्मभर म्हटलं जाईल, सुप्यालाही आणि इथंही. मी बाहेर काढली आणि काहीच बिघडलेलं नसलं, तर शिकलेल्या पोरीनं गाव डोक्यावर घेतलं. आणि मी नुसती गप्प बसून राहिले आणि बाळ गेलं, तर मला कुणीही बोल लावणार नव्हतं. ग्रहण लागलं, म्हटलं असतं. गप्प बसण्यात मला काडीचाही धोका नव्हता. ते लक्षात आलं तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

“अप्पा,” मी म्हणाले, “टेम्पो काढा.”

अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते किल्ली घ्यायला उठले. विहीणबाई मात्र दारातून हलल्या नाहीत. “कुटं? आता? सूर्व्या गिळल्याला हाय वर!”

“मावशी, बाळाला त्रास होतोय. संगमनेरला न्यायला पाहिजे.”

“माझ्या घरचं लेकरू हाय त्ये. घटकाभर थांब. सुटंलच आता. मंग आंगूळ घालू आन जाऊ.”

“घटकाभर नाही ना त्याच्याकडे.”

“तुला काय दिसतंय गं आतलं?”

“दिसत नाही. ऐकू येतंय.” मी दाराशी गेले. “ते शहाण्यासारखं गप्प नाही बसलेलं, मावशी. ते दमलंय.”

विहीणबाईंचा जप थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता हे मला तेव्हा दिसलं नाही, आज दिसतं. त्याही माझ्याइतक्याच भेदरलेल्या होत्या, फक्त त्यांची भीती आकाशात होती आणि माझी ताईच्या पोटात. आई दोघींच्या मध्ये पदर तोंडात धरून उभी. तेवढ्यात मागं खुर्ची वाजली. ताई उठली होती. तिनं ओटीतला नारळ खुर्चीवर ठेवला आणि एका हातानं भिंत धरून म्हणाली, “आत्या, सरका.” लग्नाला दोन वर्षं झाली होती, ताईनं सासूला असं काही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. विहीणबाई सरकल्या.

निदान उजेड पोटावर पडायला नको म्हणून आईनं जाड शाल काढली. पिन लावू नका, विहीणबाई म्हणाल्या. म्हणून मी शाल दोन्ही हातांनी घट्ट धरून ताईला टेम्पोपर्यंत नेली, आणि एवढ्या घाईतही शालीची कड वर सरकली तर ती खाली ओढली. पदवीधर परिचारिका मी! आज हसू येतं. त्या वेळी, सगळी संकटं एकदम ओढवून घ्यायची हिंमत नव्हती. पुढच्या बाजूला अप्पा, मी, आणि मध्ये माझ्या अंगावर डाव्या कुशीनं रेललेली ताई. मागं रिकाम्या कॅनच्या गर्दीत आई आणि विहीणबाई, एकमेकींना धरून. प्रत्येक खड्ड्याला कॅन आदळायचे आणि मागून दोघी एकदम देवाचं नाव घ्यायच्या, एक खंडोबाचं, एक शनीचं.

नाशिक–पुणे रस्ता मी तसा रिकामा कधी पाहिला नाही. ट्रक ढाब्यांपाशी थांबवून ठेवलेले, दुकानांची शटर ओढलेली, आणि सगळ्यावर तो आजारी, पिवळा उजेड. अप्पा आरशात बघत नव्हते, रस्त्यावर बघत होते. ताई एकसारखं विचारत होती, “आता? आता ऐकू येतंय का?” टेम्पोच्या आवाजात काय ऐकू येणार? पण मी कर्णा काढला, कान लावला आणि म्हणाले, “आहे. आहे.” मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मग मॅडमचा फोन लागला. त्या सिन्नर ओलांडून बऱ्याच पुढे आल्या होत्या, परत निघालेल्या. मी जे ऐकलं होतं ते सांगितलं, एकही शब्द जास्त नाही. त्यांनी मला ‘तुला खात्री आहे का’ असं विचारलं नाही. म्हणाल्या, “टेबल तयार करायला लाव. भुलीच्या डॉक्टरांना बोलव. मी पोचतेच.”

आम्ही पोचलो आणि पाठोपाठ त्यांची गाडी आली. मशीन लावलं, खोलीभर तो मंद आवाज घुमला आणि मॅडमनी लगेच हातमोजे मागितले. भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, “पेशंटनं काही खाल्लंय का?” मी म्हणाले, “रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. ग्रहण पाळलंय.” ते म्हणाले, “वा! असा तयार पेशंट रोज कुठं मिळतो. घ्या आत.” माझ्या शेजारी विहीणबाई ताठ झाल्या. सोबत आल्यापासून त्यांच्या बाजूनं कुणीतरी पहिल्यांदा बोललं होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. कमरेखाली भूल देऊन सिझेरियन सुरू झालं. पाणी हिरवं गर्द निघालं, बाळानं घाबरून आतच शी केली होती. नाळ मानेला दोन वेढे घालून आवळलेली. मॅडमनी बाळ माझ्या हातात दिलं, कारण बालरोगतज्ज्ञ अजून वाटेत होते आणि खोलीत मोकळे हात माझेच होते. मुलगी होती. निळसर, ओलसर, आणि हातातून लोंबणारी, जिवंत माणसात जो ताण असतो तो तिच्यात नव्हता. मी तिला दिव्याखाली ठेवलं, पुसलं, चोळलं. नाक-तोंड साफ केलं. छोटा मास्क तोंडावर ठेवून पिशवी दाबली. छाती वर आली. सोडली. पुन्हा दाबली. पडद्यापलीकडून ताईचा आवाज आला, “रडत का न्हाई? वैशे, रडत का न्हाई ते?” पिशवीच्या फुसफुसण्याशिवाय खोलीत आवाज नव्हता. मी घाबरले होते, आणि माझे हात मात्र शिकवल्याप्रमाणे दाबत होते, सोडत होते, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. मी बोलले तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. म्हणाले, “ताई, ती अजून स्वतः श्वास घेत नाहीये. मी तिला देतेय. ठोके आहेत. मी इथंच आहे.” सगळं खरं सांगितलं, आणि पडद्यापलीकडे ताई गप्प झाली.

मग बाळाचं नाक फेंदारलं. एक उचकी. आणि मांजराच्या पिल्लासारखा, चिडका, फाटका आवाज.

संध्याकाळी, ग्रहण सुटून, सगळ्यांच्या डोक्यावरून पाणी घेऊन झाल्यावर, विहीणबाईंनी नात मांडीवर घेतली आणि तपासायला सुरुवात केली. ओठ, टाळू, कानाच्या पाळ्या, हातापायांची बोटं. मॅडमनी तपासलं नसेल इतक्या बारकाईनं. शेवटी पालथी केली आणि मानेवर केसांखाली एक लालसर चट्टा सापडला. “हे बघ. लागलंच.”

“तो पुष्कळ बाळांना असतो मावशी. विरतो.”

त्यांनी चट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, “तू आनलीस म्हनून जगली. आन तू आनलीस म्हनून ह्यो डागबी तुझाच.” आणि मुलगी माझ्या हातात दिली, आपला हात तिच्या डोक्याखालून न काढता. घरी आई तोवर परतली होती आणि ग्रहणातलं अन्न म्हणून उरलेल्या सगळ्या गुळाच्या पोळ्या म्हशींपुढे टाकून मोकळी झाली होती. अप्पांना त्याचं दुःख बरेच दिवस होतं.

मी त्या दिवसानंतर धीट झाले असं झालं नाही. रात्री अंगात ताप भरला. फक्त एक कळलं होतं, की भीती असताना हात चालतात आणि खरं बोलता येतं. ते नीट शिकायचं तर जिथं ते रोज शिकवतात तिथं जायला हवं होतं. पण घरात उलटंच झालं. गावातल्या पोटुशा बायका संध्याकाळी ओट्यावर यायला लागल्या, “वैशाली, माझं बी ऐक की गं.” आई त्यांना चहा द्यायची आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, “कशाला जायाचं मंग साता समुद्रापार?” मी संगमनेरला जाऊन होकार पाठवला आणि घरी येऊन सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “जा. पन मला येवढं सांग, हितल्या बायांचं कोन ऐकनार?”

मी गेले. पहिल्या वर्षी दुसऱ्या सुईणीच्या मागं मागं फिरले, अनोळखी घरांच्या अनोळखी जिन्यांवरून बॅग वर नेली. पुढे सुईणीचं शिक्षण आणि नोंदणी झाली, मग एकटी जाऊ लागले. आता बरीच वर्षं मी त्या विभागात आहे जिथं बायका फोन करून सांगतात, आज बाळ गप्प आहे. मी त्यांना कधीच ‘थोडं थांबून बघा’ म्हणत नाही. आईचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. दर सुट्टीत गावी गेले की ओट्यावर बसते, आणि परत येताना तो घेऊन येते.

ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी इंग्लंडमध्येच होते, रजा मिळत नव्हती. शेवटचे दोन महिने ती माहेरी होती, मी रोज कामावर निघण्याआधी तिला फोन करायचे. कोट घातलेला, दाराची मूठ हातात, बाहेर अंधार. मागून मला धुतल्या जाणाऱ्या कॅनचा ठणठणाट ऐकू यायचा आणि तिच्या लेकीची कुणावर तरी चाललेली दादागिरी. मी विचारायचे, कधीपासून, किती वेळा, काल रात्री कसं होतं, डाव्या कुशीवर झोपलीस का. ताई सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, न कंटाळता. एका सकाळी मी तेच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला लागले, तेव्हा तिनं मला मध्येच थांबवलं.

“वैशे,” ती म्हणाली, “हालतंय गं. मी हाय ना हितं, माझं लक्ष हाय. तू जा आता, तिथल्या बाया वाट बघत असतील.”

मी दार उघडलं आणि गेले.